घामाचा हिशेब आणि मिठाची पिशवी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे कवायतीचे सर मे महिन्यातील सरावानंतर घागरीतून लिंबाचे सरबत वाटत असत. सरबतात साखर बेताची, मीठ मात्र जिभेला जाणवेल एवढे. घामावाटे गेलेले मीठ परत घेतलेच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. शाळा सुटल्यावरही मी तो पुढे चाळीस वर्षे निष्ठेने पाळला. रोज सकाळी तासभर झपाट्याने चालणे, रविवारी सायकल, आणि परतल्यावर मीठ घातलेले सरबत. अशा या व्यायामपटूचा रक्तदाब एके सकाळी १५६/९८ भरला. त्या काळात मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवीत होतो, हेही लाजत का होईना सांगितले पाहिजे.

वय आणि आनुवंशिकता यांचा त्यात वाटा होताच. परंतु मिठाचा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता, हेही तितकेच खरे. सरांचे चुकले नव्हते. दोन-तीन तास भर उन्हात मल्लखांब आणि खो-खो खेळणाऱ्या मुलांसाठी जो नियम होता, तो मी एका तासाच्या प्रभातफेरीला लावला, ही चूक माझी.

प्रथम परिमाणे स्पष्ट करू. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि वजनाने त्याचा सुमारे ४० टक्के भाग सोडियमचा. म्हणून वेष्टनावर सोडियमचे मिलिग्रॅम दिलेले असतील, तर त्यांना अडीचने गुणले की मिठाचे मिलिग्रॅम मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला २,००० मिलिग्रॅम सोडियमच्या आत, म्हणजे ५ ग्रॅम मिठाच्या आत आहे. चहाचा एक सपाट चमचा एवढेच ते मीठ. त्यात वरणभाजीतले, लोणच्यातले, पावातले, शेवेतले असे सारे मीठ धरावयाचे आहे.

सोडियम मुख्यतः पेशींच्या बाहेरील द्रवात राहते आणि पाण्याला धरून ठेवते. मीठ जास्त झाले की तहान लागते, पाणी साठते, रक्ताचे आकारमान वाढते. जादा सोडियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांवर येते. हे वर्षानुवर्षे चालले की अनेकांचा रक्तदाब चढतो. उलट मीठ कमी पडले, तर अधिवृक्क ग्रंथींतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक अधिक स्रवते. त्याचा शोध १९५३ सालचा. ते मूत्रपिंडांना सोडियम राखावयास लावते आणि घर्मग्रंथींनाही तोच हुकूम देते. म्हणूनच उन्हाची सवय झालेल्या माणसाला घाम अधिक येतो, पण तो कमी खारट असतो. आठ-पंधरा दिवसांच्या सरावाने हा बदल घडतो.

ही काटकसर किती दूर जाऊ शकते, याचे एक उदाहरण नेहमी माझ्या डोळ्यांपुढे असते. १९८८ साली 'इंटरसॉल्ट' नावाच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३२ देशांतील ५२ ठिकाणच्या दहा हजारांहून अधिक माणसांची लघवी आणि रक्तदाब त्यात तपासला होता. त्यांत ब्राझीलच्या उष्ण, दमट अरण्यात राहणारे यानोमामी लोक होते. शिकार करणारे, मैलोगणती चालणारे, सदैव घामाघूम. त्यांच्या चोवीस तासांच्या लघवीत सोडियम जवळजवळ आढळलेच नाही, आणि सरासरी रक्तदाब होता ९६/६१. आपण सर्वांनी अळणी खावे असे यावरून मी म्हणत नाही. त्यांचे जीवन सर्वस्वी निराळे. पण घाम गाळणाऱ्याला वरून मीठ लागतेच, ही समजूत मात्र त्यापुढे टिकत नाही.

आता घामाचा हिशेब. तो घरच्या वजनकाट्यावर करता येतो. चालावयास जाण्यापूर्वी आणि आल्यावर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. मध्ये काही प्यायलो नसलो, तर घटलेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. मार्चच्या एका सकाळी माझे वजन अर्धा किलोने घटले. एक लिटर घामात माणसागणिक सुमारे ५०० ते १,८०० मिलिग्रॅम सोडियम असते; मध्यम आकडा ९०० धरला, तर माझ्या अर्ध्या लिटरमधून गेले ४५० मिलिग्रॅम, म्हणजे सव्वा ग्रॅमच्याही आत मीठ. ते फेडण्यासाठी मी काय घेत होतो? सरबतात अर्धा चमचा मीठ, म्हणजे अडीच-तीन ग्रॅम. मग मूठभर खारे दाणे. त्यानंतर आपल्या इंदूरच्या रीतीप्रमाणे पोहे, त्यांवर शेव आणि शेवेवर जीरावन. पोह्यांत मीठ, शेवेत मीठ, जीरावनात साधे मीठ आणि वर काळे मीठ. एक रुपयाच्या कर्जापोटी मी रोज पाच रुपये फेडीत होतो, आणि तेही दुपारच्या जेवणाआधीच!

खाण्याकडील बाजू तपासण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मिठाची पिशवी फोडली की तिच्यावर पेन्सिलीने तारीख घालावी. आमच्या घरी चार माणसे. एक किलोची पिशवी २४ दिवसांत संपली, म्हणजे माणशी रोज सुमारे साडेदहा ग्रॅम. मर्यादा पाळावयाची, तर तीच पिशवी किमान ५० दिवस पुरावयास हवी. काही मीठ उकळून टाकलेल्या पाण्याबरोबर जाते हे खरे. पण बाजारच्या नमकीनचा, पावाचा आणि कचोरीचा हिशेब या पिशवीत येत नाही. आणि वर्षाचे लोणचे घालताना किलोभर मीठ एकाच दिवशी संपते, ते त्या महिन्यावर न टाकता वर्षभरावर वाटावे. हे मला माझ्या पत्नीने दाखवून दिले. माझ्या पहिल्या कोष्टकात ती चूक होती.

सोडियम केवळ मिठातूनच येते असेही नाही. पापडखारात, खाण्याच्या सोड्यात ते असतेच. चहाचा एक चमचा सोडा म्हणजे साडेबाराशे मिलिग्रॅम सोडियम. उपवासाच्या सैंधवाविषयी मोठा गैरसमज आहे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. वेगळेपणा रंगाचा आणि चवीचा. वेष्टनावर तसे लिहिलेले नसेल, तर त्यात आयोडीन घातलेले नसते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

यावर काही श्रोते उद्यापासून मीठ वर्ज्य करतील, म्हणून दुसरी बाजू अधिक आग्रहाने सांगतो. माझा एक वर्गमित्र रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असे. त्याने आपल्या मनाने मीठ जवळजवळ सोडले, आणि २०११ च्या श्रावणात तो पायी ओंकारेश्वरला निघाला. दमट हवा, दिवसभर घाम, आणि वाटेतल्या प्रत्येक पाणपोईवर तो पोटभर पाणी पीत होता. दुसऱ्या दिवशी बडवाहच्या अलीकडे त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. सोबत्यांची नावे त्याला आठवेनात. सर्वांना वाटले, ऊन लागले. म्हणून आणखी पाणी पाजले. रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असावे लागते, त्याचे ११९ निघाले. असे सोडियम उतरले की पाणी पेशींत शिरते, आणि मेंदूला कवटीच्या आत सुजावयास जागा नसते. तो वाचला; पण त्या चार दिवसांतले त्याला आजही काही आठवत नाही.

इंग्लंडमधील कोळशाच्या उष्ण खाणींत काम करणाऱ्यांना निव्वळ पाणी पिऊन पेटके येतात आणि पाण्यात थोडे मीठ घातल्यास ते टळतात, हे १९२३ सालीच नोंदले गेले होते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतील १३ टक्के लोकांचे सोडियम उतरलेले आढळले. धावताना ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले होते, त्यांच्यात हा धोका विशेष होता. म्हणजे घामाहून अधिक पाणी पोटात गेले होते. तहानेपुरते प्यावे, हा साधा नियम येथे उपयोगी पडतो.

तेव्हा तासाभराच्या व्यायामाला पाणी आणि नेहमीचे जेवण पुरे. सिमरोळच्या घाटापर्यंत एप्रिलमध्ये सायकल हाणली, दोन-तीन लिटर घाम गेला, तर त्या दिवशी मिठाचे ताक किंवा सरबत रास्त आहे. नारळपाण्यात पोटॅशियम विपुल, सोडियम थोडे. ते उत्तम पेय, पण घामातील मिठाची भरपाई त्याने होत नाही. जलसंजीवनीच्या एक लिटर द्रावणात सुमारे १,७२५ मिलिग्रॅम सोडियम असते, जवळजवळ दिवसाची मर्यादा. ती जुलाबांसाठी आहे, प्रभातफेरीसाठी नव्हे.

कमी सोडियमच्या मिठाविषयी मला वारंवार विचारतात. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर केलेल्या अभ्यासात साध्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले गेले. पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०२१ साली आले. मात्र ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत, किंवा रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांनी पोटॅशियम वाढते त्या जे घेतात, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून या मिठाला हात लावू नये.

माझी गोळी अजून चालू आहे, पण तिची मात्रा निम्मी झाली. आमच्या घरची मागची पिशवी ४३ दिवस पुरली. पहिले पंधरा दिवस आमटी बेचव लागली. दीड-दोन महिन्यांनी लग्नाच्या पंगतीतलीच खारट वाटू लागली. शेव सुटलेली नाही, रविवारी असते.

शाळेच्या उन्हाळी शिबिरासाठी मुख्याध्यापकांनी सरबताचे प्रमाण विचारले आहे. एक लिटर पाण्याला पाव चमचा सपाट मीठ, सहा चमचे साखर, दोन लिंबे. तासाहून अधिक वेळ उन्हात खेळणाऱ्या मुलांनाच ते द्यावे, बाकीच्यांना साधे पाणी. आणि घागर पितळेची असेल, तर तिला आतून कल्हई केलेली असावी. लिंबू-मिठाने उघडे पितळ कळकते. सरांच्या काळी दरसाल एप्रिलमध्ये कल्हईवाला शाळेच्या फाटकाशी येऊन बसत असे. आता तो सापडणे कठीण, म्हणून स्टीलचे पिंप घ्यावे.