सातासमुद्रापलीकडचा मांडव

लग्नघर ज्यांनी चालवलं आहे, त्यांना संमेलनाचा व्याप वेगळा सांगायला नको. १९९२ साली आपल्या कोल्हापुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष होते रमेश मंत्री. आपल्या गावात मांडववाला ओळखीचा, आचारी ओळखीचा, आणि ऐन वेळी पन्नास पानं वाढली तरी निभावून नेता येतं. हाच मांडव परदेशात घालायचा झाला तर?

२००९ सालचं अखिल भारतीय संमेलन अमेरिकेत सॅन होजेला न्यायचं ठरलं होतं. एवढं भाडं भरून साधा वाचक जाणार कसा, म्हणून इथं केवढा गदारोळ झाला! अखेर ते महाबळेश्वरला झालं आणि सॅन होजेला पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन वेगळं भरलं. मग २०१० साली दुबई, २०११ साली सिंगापूर. २०१२ साली टोरांटो ठरलं, ना. धों. महानोरांची अध्यक्ष म्हणून निवडही झाली, आणि संमेलन भरलंच नाही! पत्रिका वाटून झाल्यावर लग्न मोडावं तशातली गत. चौथं विश्व संमेलन २०१५ साली भरलं ते पोर्ट ब्लेअरला. समुद्रापलीकडे खरं, पण आपल्याच देशात.

तिकडची मंडळी काही हौसेत कमी नाहीत. पण नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी राबायचं, हॉल वर्ष-दीड वर्ष आधी धरून अनामत भरायची. अमेरिकेतल्या पुष्कळशा मोठ्या सभागृहांत स्वयंपाक त्यांच्याच ठेकेदाराचा. बाहेरची पुरणपोळी आणायची तर परवानगी काढा, वर पैसे मोजा. समईच्या ज्योतीलासुद्धा अग्निशामकवाल्यांची परवानगी लागू शकते!

सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र यजमानांच्या हातातच नसते. ती म्हणजे व्हिसा. अमेरिकेच्या व्हिसासाठी कोल्हापूरकरणीला मुंबई गाठावी लागते. बहुतेकींना बोटांचे ठसे आणि मुलाखत अशा दोन हजेऱ्या. नकार आला तरी फी परत नाही. मानधन घेऊन प्रयोग करणाऱ्यांना साधा पाहुण्याचा व्हिसा चालत नाही. नाटकातल्या सातांपैकी एकीला नकार आला, तर उरलेल्या सहाजणींनी करायचं काय?

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या डॉक्टर-वकिलांच्या संघटनेचं किंवा महिला मंडळाचं असं काही घाटत असेल, तर निमंत्रणाच्या आनंदात एक काम विसरू नका. तिकीट कोण काढणार, राहण्याचं कोण बघणार आणि बेत रद्द झाला तर कुणाचे किती पैसे बुडणार, हे पत्रात लिहून मागा. यात भीड कसली? घरच्या कार्यातसुद्धा आचाऱ्याशी आपण आधीच बोलतो की! व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत न मिळणारं स्वस्त तिकीट काढू नका. आजारपणाचा विमा उतरवा, तिकडचं दवाखान्याचं बिल आपल्याला झेपणारं नसतं. रोजच्या गोळ्या मात्र मोठ्या बॅगेत कोंबायच्या नाहीत. डॉक्टरांच्या सहीच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवायच्या.