बायकांची सायकल: ऐकीव भीती आणि खरी काळजी

शाळेत जाणारी मुलगी सायकल चालवते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बारावी झाली की दारात स्कूटी येते आणि सायकल जिन्याखाली जाते. पुढे चाळिशीत डॉक्टर म्हणतात, "काहीतरी व्यायाम सुरू करा." तेव्हा तीच मुलगी, आता दोन मुलांची आई, दबक्या आवाजात विचारते, "या वयात सायकल चालवली तर काही होणार नाही ना?" हा प्रश्न मी इतक्या जणींकडून ऐकला आहे की त्याचं सविस्तर उत्तर द्यायलाच हवं. बायकांना सायकलची जी भीती घातली जाते ती बहुतेक वेळा नको त्या गोष्टीची असते. जे होत नाही ते दहा जण सांगतात. ज्याची खरोखर काळजी घ्यायला हवी, ते मात्र कुणी सांगत नाही.

"सायकलने गुडघे जातात"

सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीटवर असतं. पळताना दर पावलाला गुडघ्यांना जो दणका बसतो, तो इथे बसत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट रुग्णाला व्यायामाच्या सायकलवर बसवतात ते याचमुळे.

मग सायकल सुरू केल्यावर गुडघे दुखल्याचं सांगणाऱ्या बायका खोटं बोलतात का? मुळीच नाही, त्यांचं दुखणं खरं असतं. कारण बहुतेक वेळा सीटच्या नळीत सापडतं. तोल जाईल या धास्तीने आपण सीट अगदी खाली घेतो, म्हणजे बसल्या जागी दोन्ही पाय सपाट टेकतात. दुकानदारही सायकल तशीच लावून देतो. अशा सायकलवर पायडल मारताना गुडघा सारखा छातीकडे येतो, पाय पुरता सरळ होतच नाही आणि सगळा ताण वाटीच्या मागे साठतो. आठवडाभरात गुडघ्याचा पुढचा भाग दुखू लागतो आणि सायकल परत जिन्याखाली जाते.

उंची ठरवायची रीत सोपी आहे. भिंतीला हात टेकून सीटवर बसा. एक पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. या वेळी पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा पायडलवर आणा. आता गुडघ्यात जो हलकासा बाक येतो, तेवढाच हवा. कंबर एका बाजूला झुकवल्याशिवाय पाय पोचत नसेल, तर सीट जास्त वर गेली आहे. ढोबळ खूण अशी की गुडघा पुढून दुखला तर सीट थोडी वर घ्यावी, मागून दुखला तर थोडी खाली. एकदम नको, बोटभर फरक करून चार दिवस बघावं. या उंचीवर बसल्या बसल्या दोन्ही पाय सपाट टेकणार नाहीत, म्हणून थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायची सवय करावी लागते. दोनतीन दिवसांत ती होते.

दुसरी चूक गिअरची. जड गिअर लावून दात-ओठ खात पायडल दाबलं की जास्त व्यायाम होतो, असं पुष्कळांना वाटतं. गुडघ्यांसाठी हलका गिअर आणि भराभर फिरणारे पाय चांगले, मिनिटाला साधारण सत्तर-ऐंशी फेरे. बिनगिअरची सायकल असेल तर चढावर सरळ खाली उतरून चालावं.

उलट बाजूचा एक गैरसमजही इथेच काढायला हवा. सायकल चालवली की दुसरा व्यायाम लागत नाही, हे खरं नाही. हृदय, फुप्फुसं आणि मांड्या यांना तिचा उत्तम उपयोग होतो, पण शरीराचा भार हाडांवर पडत नसल्यामुळे हाडं बळकट करण्यात ती कमी पडते. पाळी जाण्याच्या वयात हाडं ठिसूळ होऊ लागतात. त्यामुळे सायकलच्या जोडीला जिने चढणं, चालणं आणि थोडे वजनाचे व्यायाम हवेतच.

"बायकांच्या अंगाला सायकल बरी नव्हे"

या एका वाक्यात अनेक भीती एकत्र बांधलेल्या असतात. ही समजूत आपल्याकडचीच आहे असंही नाही. १८९० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत बायका मोठ्या संख्येने सायकल चालवू लागल्या, तेव्हा काही डॉक्टरांनी बजावलं होतं की तोल सांभाळण्याच्या ताणाने त्यांचे चेहरे कायमचे ओढल्यासारखे होतील. तसं काही झालं नाही.

आपल्याकडे कुजबुजत सांगितली जाणारी पहिली भीती योनिपटलाची. हे पटल म्हणजे काही सील नव्हे. ते लवचीक असतं, प्रत्येकीचं जन्मतःच वेगळं असतं, आणि ते पाहून मुलीच्या शरीरसंबंधांविषयी काहीही ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की कौमार्य चाचणीला कोणताही वैद्यकीय आधार नाही आणि ती बंद झाली पाहिजे. ज्या गोष्टीला आधारच नाही, तिच्या नावाने एखाद्या मुलीची सायकल बंद करणं हा अन्याय आहे.

दुसरी भीती अंग बाहेर येण्याची. गर्भाशय खाली सरकतं ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्यामुळे. त्यामागे अनेक बाळंतपणं, पाळी गेल्यानंतरचे बदल, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वर्षानुवर्षं उचललेली जड ओझी अशी कारणं असतात. सपाट रस्त्यावर बेताने चालवलेली सायकल या यादीत नाही. डोक्यावरच्या हंड्याची काळजी न करणारा समाज सायकलची करतो, हे मला फार खटकतं. आधीपासून हा त्रास असेल, किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

पाळीच्या दिवसांत सायकल वर्ज्य असण्याला वैद्यकीय कारण नाही. झेपत असेल तर चालवावी, नसेल तर विश्रांती घ्यावी. हलक्या व्यायामाने अनेकींचं पोट दुखणं कमी होतं. पीसीओडी असलेल्या मुलींना तर डॉक्टर स्वतःहून नियमित व्यायाम सांगतात. गरोदरपणात चिंता सायकलची नसून पडण्याची असते. पोट वाढतं तसा तोल बदलतो, म्हणून त्या काळात रस्त्यावरच्या सायकलपेक्षा घरातली स्थिर सायकल बरी, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

सीटचा त्रास मात्र खरा आहे आणि तो निमूट सोसू नये. बायकांच्या बैठकीची हाडं सरासरीने अधिक रुंद असतात. अरुंद सीटवर भार हाडांवर न पडता मधल्या नाजूक भागावर पडतो. त्यावर उपाय म्हणून गुबगुबीत जेलचं कव्हर घेतलं जातं, पण फार मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि मधला भाग अधिकच दबतो. बेताची रुंद आणि बेताचीच कडक सीट घ्यावी आणि तिचं टोक वर उचललेलं नसावं. मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा वाटत असेल, तर आधी सीट बदला.

"आता कुठे शिकायला जमतंय?"

तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहीम चालू होती. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरओळखीच्या जोडीने बायकांना सायकलही शिकवायचं ठरवलं. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडी सेविका अशा एक लाखाहून अधिक ग्रामीण बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं, तेव्हा देशाला ही गोष्ट कळली. त्या सगळ्या काही सोळा वर्षांच्या नव्हत्या.

पुण्याच्या प्रीती मस्के चाळिशीत सायकलकडे वळल्या, त्याही आजारपण आणि नैराश्य मागे टाकण्यासाठी. २०२२ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचं अंतर ५५ तास १३ मिनिटांत पार केलं. त्या वाटेवर १७,००० फुटांहून उंच खिंड आहे. आपल्याला मनालीला जायचं नाही, भाजी आणायला जायचं आहे. तेवढ्यासाठी वय नक्कीच आड येत नाही.

मोठेपणी शिकताना कुणीतरी मागून सीट धरून पळण्याची गरज नसते. दोन्ही पायडल पान्याने काढून टाका. सीट खाली घ्या (शिकताना तेवढी चालते). आता बसून पायांनी जमीन ढकलत पुढे जा. हळूहळू पाय उचलून घरंगळण्याचं अंतर वाढवा. तोल हाच काय तो शिकायचा असतो आणि तो असा, पाय जमिनीजवळ असताना, निर्धास्तपणे येतो. मग पायडल परत लावा.

"साडीत आणि पंजाबी ड्रेसमध्ये जमत नाही"

मधला दांडा नसलेली, पूर्ण चेनकव्हरची, मागच्या चाकाला जाळी असलेली लेडीज सायकल बनवली गेली ती याचसाठी, आणि पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी ती साडीवर चालवली. खरा धोका मोकळ्या ओढणीचा आहे. ती चाकात गेली तर मानेला हिसका बसून माणूस पडतं. ओढणी कमरेला गाठ मारूनच निघावं, आणि पदर खोचलेला असावा.

"कडेकडेने चालवली की सुरक्षित"

ही शिकवण प्रेमाने दिली जाते, पण ती घातक आहे. रस्त्याची अगदी कड म्हणजे गटाराची झाकणं, वाळू, खचलेली साइडपट्टी आणि उभ्या गाड्यांची अचानक उघडणारी दारं. कडेला चिकटून जाणाऱ्याला मागचा गाडीवाला जागाच सोडत नाही, घासून पुढे जातो. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत, मागच्याला आपण कुठे जाणार हे कळेल अशा बेताने चालवावी. उभ्या गाडीपासून तर आणखी लांब राहावं. वळताना आधी मागे बघावं आणि हात दाखवावा. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून उजव्या बाजूने, उलट्या दिशेने जाणं तर फारच वाईट, कारण चौकात तिकडून कुणी येईल अशी अपेक्षाच नसते. पहाटे आणि संध्याकाळी मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा आणि डोक्यावर हेल्मेट असावं.

रस्ते बायकांसाठी पुरेसे सुरक्षित आहेत, असा दावा मी करणार नाही. अंधारे रस्ते, छेडछाड, गाड्या लावून अडवलेले सायकल ट्रॅक हे सगळं खरं आहे. पण तो दोष व्यवस्थेचा आहे, त्याचा जाब महापालिकेला विचारायचा. सायकल सोडायची नाही. सुरुवातीला दोघी-तिघींनी मिळून निघावं, म्हणजे पुष्कळ धीर येतो.

धुराचा प्रश्नही विचारला जातो. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार दिल्लीच्या हवेतसुद्धा आठवड्याला पाच तासांपर्यंत सायकल चालवण्याचा फायदा प्रदूषणाच्या तोट्यापेक्षा जास्त भरतो. आतल्या गल्लीने गेलं तर आणखी बरं.

"व्यायामापुरती ठीक, कामाला काय उपयोग?"

बायकांच्या रोजच्या फेऱ्या बघा. शाळा, बँक, दळण, भाजी, औषधाचं दुकान. यातलं बहुतेक तीन-चार किलोमीटरच्या आत असतं. रमतगमत चालवली तरी सायकल तासाला बारा किलोमीटर जाते, म्हणजे तीन किलोमीटरला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रोज अशी एक जाऊन-येऊन फेरी झाली, तर पाच दिवसांत तो कोटा पुरा होतो आणि व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

सायकलने काय घडतं याचा ठोस पुरावा बिहारमध्ये आहे. तिथे २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले जाऊ लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला. वयानुसार माध्यमिक शाळेत असणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलामुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली. वाढ झाली ती प्रामुख्याने शाळेपासून लांब असलेल्या गावांमध्ये. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून गरजू विद्यार्थिनींना सायकली मिळतात. शिक्षणासाठी जी सायकल चालते, ती पुढे नोकरीला, बाजाराला, बचत गटाच्या बैठकीला का चालू नये? सायकल ही गरिबीची खूण आहे, असं मनात असेल तर नेदरलँड्सकडे बघावं. त्या श्रीमंत देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त सायकल चालवतात.

तुमच्या जिन्याखाली सायकल असेल तर ती या रविवारी दुकानात न्या. ट्यूब, ब्रेकची रबरं आणि चेन बघून घ्या आणि सीट आपल्या उंचीला लावून घ्या. घरच्यांनाही एक विनंती आहे. ती सकाळी अर्धा तास बाहेर पडणार असेल, तर तेवढा वेळ दूध, डबे आणि मुलांची आंघोळ तुम्ही बघा. सायकल सुटते ती बहुतेक घरांत या अर्ध्या तासामुळे.