गजकर्णाची गोळी

इट्राकोनॅझोल या औषधाची एखादी कॅप्सूल अलगद उघडून तिच्यातील ऐवज पांढऱ्या कागदावर ओतला, तर आत भुकटी असेल असे समजणाऱ्याला राजगिऱ्याच्या दाण्यांसारखे बारीक, गोल, मळकट पांढऱ्या रंगाचे शेकडो मणी घरंगळताना दिसतात. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून साखरेच्या सूक्ष्म कणांवर त्याचा अतिशय पातळ लेप चढवून त्याचे पृष्ठफळ वाढवावे लागते, आणि एवढी तजवीज करूनही तो लेप सुटून औषध रक्तात उतरण्यासाठी जठरातील आम्लाची व पोटभर जेवणाची जोड लागतेच. हीच कॅप्सूल कोणी पहाटे उपाशीपोटी घेतली, किंवा जळजळ होते म्हणून आधी पित्ताची गोळी घेऊन तिच्या पाठोपाठ गिळली, तर औषधाचा मोठा हिस्सा रक्तापर्यंत न पोहोचता शरीराबाहेर निघून जातो, आणि महिनाभराने ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार घेऊन तो रुग्ण दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढतो. औषध चांगले होते, मात्राही योग्य होती. ते जेवणानंतर घ्यावयाचे, एवढी एक गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती किंवा सांगितलेली त्याच्या ध्यानात राहिली नव्हती.

गजकर्ण किंवा नायटा हा आपल्याकडे फार जुना आणि फार दुर्लक्षित आजार आहे. जांघेत, काखेत, परकराच्या नाडीखाली कमरेभोवती किंवा घट्ट पट्ट्याच्या रेषेवर एक तांबूस ठिपका उमटतो, तो कडेकडेने पसरत जातो, मध्यभाग निवळत जाऊन कडा मात्र उंच, खरखरीत आणि खाजरी राहते, आणि त्या वलयाकडे पाहून घरातील वडीलधारी माणसे निदान करून मोकळी होतात. निदान बहुधा बरोबरही असते. परंतु जो आजार पूर्वी साध्या मलमाने तीन-चार आठवड्यांत आटोक्यात येत असे, तो गेल्या दहा-बारा वर्षांत अंगभर पसरू लागला आहे, बरा होऊन पुन्हा उलटू लागला आहे आणि एकाच पंचाने अंग पुसणाऱ्या सबंध कुटुंबाला विळखा घालू लागला आहे, हे कोणताही त्वचारोगतज्ज्ञ सांगेल. त्यामुळे मलमाऐवजी पोटात घ्यावयाचे औषध, तेही आठवडेच्या आठवडे, घेण्याची वेळ असंख्य लोकांवर येते. आणि जखमेची जागा कातडीवर असली तरी गोळीचा प्रवास जठर, यकृत, हृदय या सर्वांच्या दारांवरून होतो, ही गोष्ट नजरेआड राहते.

बुरशीवर औषध शोधणे इतके दुष्कर का, याचे उत्तर जीवसृष्टीच्या वंशावळीत आहे. जीवाणू आपल्यापासून फार दूरचे. त्यांच्या पेशीला जी भिंत असते ती आपल्या पेशीला मुळीच नसते, आणि म्हणून पेनिसिलिन त्या भिंतीवर निर्धास्तपणे घाव घालू शकते. बुरशी मात्र वनस्पतींपेक्षाही प्राण्यांना अधिक जवळची. अदमासे शंभर कोटी वर्षांपूर्वी तिचे आणि आपले पूर्वज विभक्त झाले. तरी पेशीकेंद्राची रचना, प्रथिने घडविण्याची यंत्रणा, पेशीच्या आवरणात मेदजन्य स्टेरॉल घालण्याची रीत या बाबतींत भावकीचे साम्य अद्याप टिकून आहे. आपल्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, तिच्या आवरणात अर्गोस्टेरॉल. या दोहोंतील थोडक्या फरकावर आजच्या बहुतेक बुरशीनाशक औषधांची मदार आहे. टर्बिनाफिन अर्गोस्टेरॉलच्या घडणीतील एक आरंभीची पायरी अडविते, इट्राकोनॅझोल आणि फ्लुकोनॅझोल पुढची एक पायरी अडवितात. परंतु शत्रू इतका जवळचा असल्यामुळे नेम किंचित ढळला की घाव आपल्याच यंत्रणेवर बसतो.

या नेमाच्या शोधाचा इतिहास मोठा हृदयस्पर्शी आहे. डोक्यातील एका चिवट रोगाचे कारण बुरशी आहे, हे पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी याने १८४१ साली दाखविले. म्हणजे कॉखने क्षयाचा जंतू दाखविण्यापूर्वी तब्बल चार दशके रोगाचा कर्ता डोळ्यांना दिसला होता, पण त्याला पोटातून औषध देण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. दरम्यान विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात मुलांच्या डोक्यावर क्ष-किरण सोडून केस गळवीत आणि त्यांबरोबर बुरशी काढून टाकीत. ज्या मुलांवर हा इलाज झाला त्यांच्यात पुढे मेंदूच्या गाठींचे प्रमाण वाढल्याचे आढळून आले. एका खाजेच्या रोगासाठी दिलेली ही किंमत कोणत्याही सहृदय माणसाला विसरता येणार नाही. ग्रिसिओफल्विन हे द्रव्य १९३९ सालीच एका बुरशीतून वेगळे काढलेले होते; परंतु ते पोटातून दिले असता कातडीतील बुरशी हटते, हे ग्लासगोच्या जेंटल्स यांनी गिनीपिगांवर दाखवीपर्यंत १९५८ साल उजाडले. आपल्या महाराष्ट्राचाही या कथेत वाटा आहे. पुण्याजवळच्या पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले, आणि ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ हे गावाचे नाव कायमचे कोरले गेले.

ग्रिसिओफल्विनच्या कार्यपद्धतीत एक धडा दडलेला आहे. ते बुरशीला मारीत नाही, तिची वाढ रोखते. गजकर्णाची बुरशी जिवंत पेशींवर नव्हे, तर कातडीच्या वरच्या निर्जीव थरातील आणि नखाकेसांतील केराटिनवर जगते. औषध रक्तातून नव्याने घडणाऱ्या केराटिनमध्ये शिरते, आणि ते नवे केराटिन खालून वर सरकत जुन्या बाधित थराला बाहेर ढकलून देईपर्यंत रोग संपत नाही. कातडीला यासाठी काही आठवडे लागतात, हाताच्या नखाला काही महिने, पायाच्या अंगठ्याच्या नखाला वर्षभरही. खाज थांबणे हा बरे होण्याचा आरंभ असतो. औषध सुरू करून आठ दिवसांत खाज निवळली म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवणारा रुग्ण बुरशीला मोडीत काढण्याऐवजी तिला मुदतवाढ देत असतो.

आता यकृताकडे वळू. १९८१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले केटोकोनॅझोल हे पोटात घेण्याच्या बुरशीनाशकांत मोठे लोकप्रिय झाले होते. परंतु काही रुग्णांच्या यकृताला त्याने इतकी गंभीर इजा केली की २०१३ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने बुरशीच्या आजारांसाठी त्याच्या गोळ्यांचा वापर स्थगित करण्याची शिफारस केली. त्याच्या मागून आलेली औषधे पुष्कळ अधिक सुरक्षित आहेत, आणि लाखो लोकांना ती विनातक्रार मानवतात, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. विनाकारण धास्ती घेऊन औषध टाळणे हेही नुकसानच. तथापि ज्याला पूर्वी कावीळ झाली आहे, जो नियमित मद्यपान करतो किंवा ज्याच्या यकृतात आधीच दोष आहे, त्याने ही हकीकत डॉक्टरांपासून लपवू नये, आणि लांब मुदतीच्या उपचारात डॉक्टरांनी रक्ततपासणी सांगितली तर ती खर्चाची बाब समजून टाळू नये. अन्नावरची वासना उडणे, सततची मळमळ, डोळ्यांत पिवळेपणा, लघवी चहासारखी गडद होणे, यांपैकी काहीही आढळले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. टर्बिनाफिनने काहींची चव जाते, आणि ती परतण्यास कित्येक आठवडे लागतात; ज्याला सांगितलेले नसते तो बिचारा पक्वान्नाच्या ताटासमोर भांबावून जातो.

इट्राकोनॅझोलची आणखी एक बाजू आहे, ती हृदयाची. हे औषध हृदयाच्या स्नायूचे आकुंचन काहीसे मंदावते. म्हणून ज्याचे हृदय आधीच दुर्बळ आहे, पायांवर सूज येते, जिना चढताना दम लागतो, अशा माणसाने गजकर्णासारख्या आजारासाठी ते घेणे धोक्याचे ठरते. शिवाय यकृतातील जी विकरे इतर औषधांचा निचरा करतात त्यांनाच हे औषध अडवून धरते. कोलेस्टेरॉलसाठी रोज रात्री सिम्वास्टॅटिन घेणाऱ्याच्या रक्तात त्या औषधाचा साठा वाढत जाऊन स्नायूंची झीज होऊ शकते. फ्लुकोनॅझोल घेतल्याने मधुमेहाच्या काही गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा अंमल वाढतो. पहिल्यात साखर एकाएकी खाली येते, दुसऱ्यात रक्तस्राव होतो. उलटही घडते: क्षयाच्या उपचारातील रिफॅम्पिसिन इट्राकोनॅझोलचा इतका झपाट्याने निचरा करविते की ते घेऊन न घेतल्यासारखे होते. गरोदर स्त्रीने, किंवा गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने, ही औषधे तज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून मुळीच घेऊ नयेत. घरातील म्हाताऱ्या माणसांच्या औषधांचा डबा जसाच्या तसा पिशवीत घालून दवाखान्यात नेणे हा याबाबतीतला सर्वांत सोपा आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे. त्यातील निम्म्या गोळ्यांची नावे रुग्णाला पाठ नसतात, आणि डॉक्टरला नेमकी तीच हवी असतात.

मला सर्वाधिक कळकळीने लिहावेसे वाटते ते मलमांविषयी. औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटले की कित्येकदा हाती पडते ती बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टिरॉइड यांची एकत्र खिचडी. स्टिरॉइड दाह दाबतो; लाली ओसरते, खाज दोन रात्रींत थांबते, आणि माणसाला वाटते की गुण आला. प्रत्यक्षात बुरशीविरुद्ध लढणारा शरीराचा पहाराच उठलेला असतो. आतल्या आत बुरशी पसरते, वलयाची ओळखीची कडा पुसून जाते, आणि अनुभवी तज्ज्ञालाही नुसत्या नजरेने ओळखू येऊ नये असे रूप रोग धारण करतो. आयव्ह आणि मार्क्स या वैद्यांनी १९६८ साली या वेषांतरित गजकर्णाचे वर्णन करून त्याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ हे नाव दिले, आणि आज आपल्या चर्मरोग विभागांत ते रोजचे दृश्य झाले आहे. महिनोन्महिने असे मलम चोळलेल्या तरुण मुलामुलींच्या जांघेत आणि काखेत कातडी विरल्याचे रुंद, जांभळट पट्टे दिसतात. ते पट्टे आयुष्यभर पुरते जात नाहीत. केंद्र सरकारने २०१८ साली स्टिरॉइडची अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. हुकूम योग्य होता; परंतु दुकानाच्या काउंटरवर त्याची अंमलबजावणी अजून ढिली आहे, हे कोणाही ग्राहकाला अनुभवाने ठाऊक आहे.

या हयगयीच्या काळातच बुरशीनेही आपले रूप बदलले. २०२० साली जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे स्वतंत्र नाव दिले. तिच्या पुष्कळ वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही, कारण ज्या विकरावर ते औषध आघात करते त्याच्याच घडणीत तिने बदल करून घेतला आहे. आता ही बुरशी इतर खंडांतही आढळते. म्हणूनच ‘शेजारच्यांना याच गोळीने गुण आला’ हा दाखला आता कामाचा नाही. निदानाची साधी चाचणीही फार महाग नाही: वलयाच्या कडेचा थोडा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकतात, किंचित ऊब देतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कातडीच्या विरघळत्या पेशींमधून आडव्यातिडव्या फाटे फुटलेल्या बुरशीच्या तंतूंचे जाळे स्पष्ट दिसू लागते. आपल्या रोगाचा कर्ता असा डोळ्यांनी पाहिलेला रुग्ण गोळ्या अर्ध्यावर सोडीत नाही, असे मला वाटते.

वाचकहो, हा लेख वाचून झाल्यावर कृपा करून घरातील आरशामागच्या फळीवर किंवा फडताळात पडलेली खाजेची ट्यूब हातात घ्या आणि चष्मा लावून तिच्यावरील बारीक अक्षरे वाचा. त्यांत क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी एखादे नाव असेल आणि ती कोणा डॉक्टरांनी तुम्हाला लिहून दिलेली नसेल, तर ती स्वतःला, घरच्या कोणाला वा लहान मुलाला लावू नका. कोणी ती आजवर लावीत असेल, तर ट्यूब बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि ती किती दिवस लावली ते खरे सांगा.