उपवासाच्या आलूचिप्सची चव कशी घ्यावी

यवतमाळात दुर्गोत्सवाचे मंडप उभे राहू लागले की किराणा दुकानांच्या दारात उपवासाच्या चिप्सची पाकिटं लोंबू लागतात. सणाची चव द्यायची तर चिपवर काहीतरी जास्तीचं भुरभुरायचं, अशी पाकीटवाल्यांची जगभरची रीत. प्रिंगल्सने 2012 च्या नाताळात अमेरिकेत पांढरं चॉकलेट आणि पेपरमिंटच्या चवीचे चिप्स विकले होते! आपला नवरात्रातला चिप मात्र एकेक वस्तू काढून टाकत सणाचा होतो. हळद गेली, धणे गेले, कांदा-लसूण गेला, साधं मीठही गेलं. उरले आलू, तेल आणि सैंधव. दोष लपवायला मसाला नाही, म्हणून चव घ्यायला शिकावं ते याच चिपवर.

चवीचं निम्मं काम उन्हाळ्यातच झालेलं असतं. आपला जिल्हा कापूस-सोयाबीनचा, आलू आणायचा बाजारातून. जाणत्या बाया वाळवणासाठी होळीच्या आसपास येणारा नवा आलू धरतात, आणि त्यांचं बरोबर आहे. शीतगृहात 2 ते 4 अंशांवर राहिलेल्या आलूत स्टार्चची साखर होऊ लागते. तापल्या तेलात ही साखर आलूतल्या अमिनो आम्लांशी जुळते, चिप तपकिरी होतो आणि कडवटपणा येतो. सिमल्याच्या केंद्रीय आलू संशोधन संस्थेने 'कुफरी चिप्सोना' हे वाण काढले ते याचसाठी. त्यांत ही साखर कमी असते.

घरी आलू सोलून किसणीवर काप पाडतात आणि पाणी नितळ होईपर्यंत धुतात. त्यात वरचा स्टार्च आणि थोडी साखर निघून जाते. काप पांढरे राहावेत म्हणून पाण्यात तुरटी फिरवतात. मग गंजात सैंधव घातलेलं पाणी उकळून त्यात काप अर्धवट शिजवायचे. काप जरा पारदर्शक दिसला की काढायचा. जास्त शिजला तर धोतरावर पसरतानाच फाटतो. पुढचं काम मे महिन्याच्या उन्हाचं. खडखडीत वाळलेले चिप्स डब्यात भरले की आषाढी, श्रावण, नवरात्र, सगळं निघतं. तळताना आत उरलेल्या थोड्याशा ओलाव्याची वाफ होते आणि चिप क्षणात फुलतो.

आता चव. आधी चिप उजेडात धरा. कडेला तपकिरी पट्टा म्हणजे साखर जास्त किंवा तेल फार तापलेलं. हिरवट डाग दिसला तर तो चिप बाजूला टाका; उजेडात पडून हिरव्या झालेल्या आलूत सोलॅनिन वाढतं, ते कडूही असतं आणि बाधतंही. मग वास घ्या. पाकिटात नायट्रोजन भरतात तो तेल खवट होऊ नये म्हणून. तरीही जुन्या तेलाचा वास आला तर पुढे खाण्यात अर्थ नाही.

पहिला घास कानाने खायचा. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स आणि मासिमिलियानो झांपिनी यांनी 2004 साली लोकांना हेडफोन लावून चिप्स खायला दिले. कुरकुर मोठी करून ऐकवली की तोच चिप लोकांना जास्त ताजा वाटायचा. या उद्योगाला 2008 साली गमतीचं इग नोबेल मिळालं, पण मुद्दा खराच आहे. आरतीच्या गोंगाटात चव बघू नका.

मिठाकडे खास लक्ष द्या. पाकिटातल्या चिपवर मीठ वरून पडलेलं असतं, म्हणून ते जिभेला लागताच कळतं आणि लगेच ओसरतं. घरचा काप खारट पाण्यात शिजलेला. त्याचं मीठ चावल्यावर हळूहळू सुटतं. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ‘सैंधव आहे, बीपीला चालतं’ म्हणून मूठमूठ खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. घास गिळायची घाई केली नाही तर शेवटी किंचित गोडी येते. लाळेतलं अमायलेज शिजलेला स्टार्च फोडू लागल्याची ती खूण. ही गोडी मला घरच्या चिपमध्ये जास्त स्वच्छ लागते.

पाकीटच घ्यायचं असेल तर पुढच्या देवीच्या चित्रावर जाऊ नका, मागची यादी वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन लिहिलेलं असेल तर ते बहुधा मक्याच्या स्टार्चचं असतं, म्हणजे उपवासात धान्यच. आलू, तेल, सैंधव एवढंच लिहिलेलं असेल तर खुशाल घ्या.