चार मीटरच्या आत दोघांची गाडी

भारतात छोटी एसयूव्ही म्हणून ज्या गाड्या विकल्या जातात, त्यांतल्या बहुतेकींची लांबी ३,९९० ते ३,९९५ मिलिमीटर असते. कंपन्या वेगळ्या, कारखाने वेगळे, तरी माप तेच, कारण ते कराच्या नियमाने ठरवले आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. त्या वेळी लहान गाडीची व्याख्या झाली ती अशी: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत. पुढे जीएसटी आला तरी ही रेघ पुसली गेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापात बसणाऱ्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याबाहेरच्या पेट्रोल-डिझेल गाडीवर ४० टक्के. विजेवरच्या गाडीला ५ टक्के लागतात.

दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मारुतीची ब्रेझा चार मीटरच्या आत आहे, पण तिचे पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचे आहे. त्यामुळे तिला ४० टक्के कर लागतो. टाटा नेक्सॉन, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ, स्कोडा कायलॅक यांची पेट्रोल इंजिने १,२०० सीसीच्या आतली म्हणून १८ टक्क्यांत बसतात. हाच फरक चालवतानाही जाणवतो. लहान इंजिनातून पुरेशी ताकद काढण्यासाठी या कंपन्यांनी तीन सिलिंडर आणि टर्बो हा मार्ग घेतला. टर्बोने एकदा जोर धरला की चार माणसे आणि सामान घेऊन गाडी घाट सहज चढते. मात्र अगदी कमी वेगात ती क्षणभर रेंगाळते, आणि सिग्नलला उभी असताना तीन सिलिंडरांची थरथर थोडी जाणवते. ब्रेझाचे चार सिलिंडरांचे, टर्बो नसलेले इंजिन शांत आणि एकसारखे चालते, पण भरल्या गाडीने ओव्हरटेक करताना त्याला वेळ द्यावा लागतो.

या वर्गाच्या वाढीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. चिंचवडच्या प्रीमियर कंपनीने २००९ मध्ये रिओ आणली, तेव्हा चार मीटरच्या आतली एसयूव्ही ही कल्पनाच नवी होती. २०१३ ची फोर्ड इकोस्पोर्ट आणि २०१६ ची व्हिटारा ब्रेझा यांनी ती घरोघरी नेली. आज नेक्सॉन रांजणगावला बनते, ३एक्सओ नाशिकला, कायलॅक चाकणला, तर ह्युंदाईची २०२५ ची नवी व्हेन्यू तळेगावच्या कारखान्यातून बाहेर पडते.

पर्याय इतके झाल्यामुळे नवराबायको गाडी घ्यायला निघाले की तुलना बहुधा फीचरच्या यादीपासून सुरू होते: सनरूफ आहे का, स्क्रीन किती इंचाची, कॅमेरे किती. ही सुरुवातच चुकीची आहे. आधी ठरवायला हवे ते गाडी कोण, कुठे आणि किती चालवणार, हे. एकाचा रोजचा रस्ता हिंजवडीचा आणि दुसऱ्याचा मुलांची शाळा, भाजी, क्लास असा असेल, तर त्या दोघांना एकाच गाडीकडून दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात. दोघांनी आपापली गेल्या दोन-तीन महिन्यांतली ये-जा वेगवेगळ्या कागदांवर लिहून काढली, तर वादाचे निम्मे मुद्दे आपोआप मिटतात. वर्षातून दोनदा होणाऱ्या कोकणच्या प्रवासासाठी गाडी निवडायची आणि उरलेले दिवस ती सोसायटीच्या चिंचोळ्या जागेत कशीबशी घालायची, असा व्यवहार अनेक घरांत होतो. म्हणून घरची पार्किंगची जागा टेपने मोजूनच बाहेर पडावे. लांबी बहुतेकींची सारखी असली तरी रुंदी सारखी नसते. टाटा पंच १,७४२ मिलिमीटर रुंद आहे, नेक्सॉन १,८०४, तर ३एक्सओ १,८२१. शिवाय छापील रुंदीत बाजूचे आरसे सहसा धरलेले नसतात.

टेस्ट ड्राइव्ह हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत घाईत उरकला जाणारा भाग. शोरूममधला माणूस किल्ली बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात देतो, बाई मागच्या सीटवर बसते, आणि रंग आवडला का एवढेच तिला विचारले जाते. ती रोज गाडी चालवणार असेल, तर या पद्धतीत तुलना अर्धीच होते. दोघांनीही तीच गाडी, त्याच रस्त्यावर, स्वतः चालवायला हवी. पाच फूट एक इंच आणि पाच फूट दहा इंच उंचीच्या दोन माणसांना एकच सीट क्वचितच जमते. सीटची उंची कमीजास्त करता येते का, स्टीअरिंग वरखाली होते तसे पुढेमागेही होते का, सीटबेल्टचे खांद्याजवळचे टोक खाली घेता येते का, हे प्रश्न सनरूफपेक्षा कितीतरी मोठे आहेत. स्टीअरिंग फक्त वरखाली होत असेल, तर कमी उंचीच्या व्यक्तीला पेडल गाठण्यासाठी सीट फार पुढे ओढावी लागते आणि छाती एअरबॅगच्या नको तितकी जवळ येते. स्टीअरिंगचा मध्य आणि छाती यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर असावे. सीटची उंची आणि स्टीअरिंगच्या सोयी अनेकदा खालच्या व्हेरिअंटमध्ये काढून टाकलेल्या असतात. म्हणून जो व्हेरिअंट घ्यायचा आहे त्याच्याच सीटवर बसून पाहावे. शोरूमवाले सहसा सर्वांत वरचा व्हेरिअंट दाखवतात.

रस्ताही नीट निवडावा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर कुठलीही नवी गाडी छानच वाटते. एसी सुरू ठेवून, गाडीत चौघे बसवून पुलाच्या किंवा टेकडीच्या चढावर मध्येच थांबावे आणि पुन्हा निघावे. एखाद्या उंच स्पीडब्रेकरवरून भरल्या गाडीने जावे. जाहिरातीतला ग्राउंड क्लिअरन्स बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. माणसे बसली की तो कमी होतो. तळघरातल्या पार्किंगच्या वळणदार उतारावर बॉनेटचा कोपरा दिसतो का आणि मागच्या काचेतून किती दिसते, तेही तिथेच कळते. दोघांपैकी एकाने थोडा वेळ मागे बसावे. सासूबाईंना किंवा वडिलांना गुडघ्याचा त्रास असेल, तर त्यांनाच एकदा चढून-उतरून पाहू द्यावे. एसयूव्हीची उंच सीट काहींना सोयीची पडते, काहींना उंबरठा अडतो. डिकीच्या लिटरच्या आकड्यांत फरक मोठा आहे: ब्रेझा ३२८, नेक्सॉन ३८२, कायलॅक ४४६. पण घरची मोठी बॅग आणि बाबागाडी सोबत नेऊन आत ठेवून पाहणे हा त्याहून खात्रीचा मार्ग.

इंधनाचा निर्णय आकडेमोडीने होतो, आणि ती अवघड नाही. समजा पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे आणि गाडी शहरात लिटरला १५ किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला सात रुपये. सीएनजी ९० रुपये किलो असून किलोला साडेबावीस किलोमीटर मिळत असतील, तर चार रुपये. किलोमीटरमागे तीन रुपये वाचले. सीएनजीची गाडी ९० हजारांनी महाग असेल, तर ते पैसे वसूल व्हायला ३० हजार किलोमीटर लागतात. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या घराला अडीच वर्षे, पाचशे चालणाऱ्याला पाच. त्यात पंपावरची रांग आणि टाकीने खाल्लेली डिकी धरावी. नेक्सॉनने एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या खाली बसवून बरीच जागा वाचवली आहे, तरीही ३८२ लिटरचे ३२१ झाले आहेत. डिझेल ज्यांचा हमरस्त्यावरचा प्रवास नेहमीचा आहे त्यांच्यासाठीच. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून काही वेळ सलग वेगात चालावी लागते. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तुंबतो.

मायलेजचे छापील आकडे प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीतून येतात. या चाचण्या घेणारी देशातली सर्वांत परिचित संस्था म्हणजे पुण्यातली एआरएआय. तिथे रोलरवर ठरावीक वेगक्रमाने गाडी चालवतात; खड्डे, सिग्नल आणि चढ नसतात. दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला हे आकडे उपयोगी आहेत, महिन्याचा खर्च काढायला नाहीत.

शहरात ऑटोमॅटिक घ्यावी, असा कल आता दोघांचाही असतो, पण ऑटोमॅटिक एकाच प्रकारची नसते. एएमटीमध्ये साधाच गिअरबॉक्स असतो आणि क्लच दाबण्याचे काम यंत्र करते. ती स्वस्त आणि इंधन वाचवणारी, पण गिअर बदलताना हलका झोका बसतो आणि चढावर पाय सांभाळावा लागतो. टॉर्क कन्व्हर्टर गुळगुळीत चालतो आणि रेंगाळत्या रहदारीला सोसतो. ड्युअल क्लच झटपट आहे, मात्र तासन्‌तास सरकत्या कोंडीत तो तापू शकतो. रोज घोडबंदर रोडवरून किंवा चांदणी चौकातून जाणाऱ्या घराने टॉर्क कन्व्हर्टरसाठी थोडे जास्त मोजावे, हे बरे.

सुरक्षिततेबाबत आता देशी मोजपट्टी आहे. भारत एनसीएपी ही चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून धडक, ५० ने बाजूने, आणि खांबावरची धडक अशा कसोट्या त्यात आहेत. मोठ्यांच्या संरक्षणाचे गुण ३२ पैकी आणि मुलांचे ४९ पैकी मिळतात. ३एक्सओ आणि कायलॅक यांना पाच तारे आहेत. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनसीएपीचे पाच तारे मिळवणारी नेक्सॉन ही पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली होती. नुसते तारे मोजू नयेत. घरात लहान मूल असेल तर ४९ पैकी किती, हे पाहावे आणि मुलाची सीट अडकवण्याची सोय स्वतः तपासावी. मागे बसणाऱ्याने पट्टा लावला नाही, तर पाच तारे त्याच्या कामाचे नाहीत.

पसंती दोन गाड्यांवर आली की कोटेशन हातात घ्यावे. एक्स-शोरूम किमतीवर आरटीओचा कर चढतो. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि पुढे वीस लाखांपर्यंत १२. डिझेलला १३ आणि १४. वाढीव दर पूर्ण किमतीवर लागतो. म्हणून ९ लाख ९५ हजारांचा व्हेरिअंट सोडून १० लाख ५ हजारांचा घेतला, तर करच सुमारे ११ हजारांनी वाढतो. दहा लाखांवर गेलेल्या गाडीला एक टक्का टीसीएसही द्यावा लागतो. तो आयकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पण विमा शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरचे दर त्याच आयडीव्हीवर, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवर, मागवले की फरक लगेच दिसतो. कोटिंग, ॲक्सेसरीज, हँडलिंग अशा ओळी एकेक करून विचाराव्यात आणि नको त्या काढायला लावाव्यात.

गाडी कुणाच्या नावावर घ्यायची, हा प्रश्न सहसा शेवटी, सही करताना निघतो. तो आधी सुटायला हवा. नोंदणी एकाच व्यक्तीच्या नावावर होते. विम्यातला नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. तो पहिल्या विनादावा वर्षानंतर २० टक्के असतो आणि पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जातो. जुनी गाडी नवऱ्याच्या नावावर आणि नवी बायकोच्या, असे केले तर तो बोनस नव्या गाडीला मिळत नाही. जुनी विकताना बोनस राखून ठेवल्याचे पत्र घेतले, तर त्याच मालकाला तो तीन वर्षांत वापरता येतो. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. पॉलिसीतले मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण फक्त नोंदणीकृत आणि परवाना असलेल्या मालकाला मिळते. गाडी एकाच्या नावावर आणि चालवणारी व्यक्ती दुसरी असेल, तर तिच्यासाठी वेगळे संरक्षण जोडून घ्यावे लागते. २०२१ पासून नोंदणीच्या वेळीच नॉमिनीचे नाव देता येते. ते द्यावे, म्हणजे पुढे मालकी बदलताना जोडीदाराची धावपळ वाचते.

कर्जात दोघांचे उत्पन्न धरले तर रक्कम वाढवून मिळते, आणि तिथेच जपायला हवे. आठ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडले, तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये आणि एकूण व्याज १ लाख ९६ हजार. सात वर्षांचे केले तर हप्ता १२,९०० च्या आत येतो, पण व्याज २ लाख ८१ हजारांवर जाते. एकाची नोकरी काही महिने थांबली तरी दुसऱ्याच्या पगारातून निघेल, एवढाच हप्ता ठरवावा.

पाडवा किंवा दसऱ्याचा मुहूर्त साधायचा असेल, तर बुकिंग बरेच आधी करावे आणि पैसे परत मिळण्याच्या अटी पावतीवर लिहून घ्याव्यात. नोंदणी होण्याआधी, दिवसाच्या उजेडात, नेमून दिलेली गाडी पाहण्याचा आग्रह धरावा. चासी नंबर कागदांशी जुळतो का, निर्मितीचा महिना कोणता, मीटरवर किती किलोमीटर झाले आहेत, रंग कुठे पुन्हा मारलेला आहे का, टायरवरचे आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे काय म्हणतात, हे एकाने वाचावे आणि दुसऱ्याने टिपून घ्यावे. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत हाती आली, तरी विकताना ती आदल्या वर्षाचीच धरली जाते. त्यामुळे तशी गाडी घ्यायची तर त्या प्रमाणात सूट मागावी. काही खटकले तर गाडी बदलून मागण्याची वेळ हीच; नंबर पडल्यानंतर शोरूम सहसा दुरुस्तीवर भागवते.