बेडकाचं विष, पाकटाचा काटा

कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या जंगलातला सोनेरी बेडूक आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं मोटोरो पाकट, यांत अधिक जहरी कोण? नुसती तीव्रता पाहिली तर १९७८ साली 'टेरिबिलिस' असं शास्त्रीय नाव मिळालेला बेडूकच. त्याच्या कातडीतलं बॅट्राकोटॉक्सिन मज्जापेशींतले सोडियमचे मार्ग मिटूच देत नाही; स्नायू लुळे पडतात, हृदय थांबतं. तिथले एम्बेरा जमातीचे शिकारी फुंकनळीचे बाण या बेडकाच्या पाठीवर घासत ते उगाच नाही. तरीही माणसाला धोका कुणाचा, असं विचारलं तर माझा कौल पाकटाकडे. बेडकाकडे विष टोचायला हत्यार नाही, आणि त्याचा भडक रंग आधीच बजावतो. पाकट मात्र नदीतळाच्या गाळात दडतं, आणि पाय पडला की शेपटीचा करवती काटा मारतं.

पाकटाच्या काट्यानं सहसा मरण येत नाही, मग धोका कसला, असा आक्षेप येईल. पण नदीत रोज उतरणाऱ्या कोळ्याला दुर्मीळ मृत्यूपेक्षा असह्य कळ आणि चिघळणारी जखमच जास्त भोवते. शिवाय बेडकाचं विष उसनं, खाद्यातल्या किड्यांतून आलेलं असावं. पाळीव पिढ्यांत ते आढळत नाही. पाकटाचं विष मात्र त्याच्याच शरीरात तयार होतं. त्यात प्रथिनं असल्यानं सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवला की बहुधा वेदना उतरते. बेडकाच्या विषावर असा सोपा उतारा नाही, हेही खरं.