विश्लेषण : घडीच्या एका खुर्चीला १३० कोटी? जुन्या चिनी फर्निचरला एवढी किंमत का मिळते?

ऑक्टोबर २०२२ मध्ये हाँगकाँग येथे सदबीजच्या लिलावात सतराव्या शतकातील एक लाकडी घडीची खुर्ची १२ कोटी ४६ लाख हाँगकाँग डॉलरना विकली गेली. तेव्हाच्या दराने ही रक्कम सुमारे १३० कोटी रुपये होते. सर जोसेफ होतुंग यांच्या संग्रहातील या खुर्चीने आधी वर्तवलेल्या अंदाजाच्या कितीतरी पट किंमत मिळवली. एकेकाळी जुन्या बाजारात पडून असलेले हे सामान कलेच्या बाजारात एवढे वर कसे गेले आणि त्याकडे गुंतवणूक म्हणून पाहणे कितपत शहाणपणाचे, याचा हा आढावा.

नेमके कोणते फर्निचर मौल्यवान?

सगळेच जुने चिनी फर्निचर महाग नसते. सर्वाधिक मागणी आहे ती मिंग राजवटीच्या (१३६८ ते १६४४) उत्तरार्धातील आणि चिंग राजवटीच्या सुरुवातीच्या काळातील कठीण लाकडाच्या वस्तूंना. १५६७ मध्ये मिंग दरबाराने सागरी व्यापारावरील बंदी शिथिल केली. त्यानंतर दक्षिणेकडील उत्तम लाकूड मोठ्या प्रमाणावर येऊ लागले आणि सुचौसारख्या श्रीमंत शहरांत सुतारकामाला बहर आला.

यातले सर्वात नावाजलेले लाकूड म्हणजे ‘हुआंगहुआली’. हैनान बेटावर वाढणारे हे झाड आपल्या शिसवाच्याच कुळातले आहे. त्याचा रंग मधासारखा असतो. त्यातील गाठींच्या नक्षीला चिनी रसिक ‘भुताचा चेहरा’ म्हणतात. दुसरे लाकूड ‘झितान’. जांभळट काळसर, अतिशय जड आणि चिंग दरबाराच्या खास आवडीचे.

त्यात कला कोणती?

मिंग शैलीत कोरीवकाम कमी, रेषा साध्या आणि प्रमाण अचूक असते. सांध्यांत खिळे जवळपास नसतात. एका भागाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत नेमके बसवलेले असते. मेजाची फळी चौकटीच्या खोबणीत थोडी सैल ठेवतात. त्यामुळे पावसाळ्यात लाकूड फुगले किंवा हिवाळ्यात आकसले, तरी फळीला तडा जात नाही.

घडीच्या खुर्चीचा मान वेगळाच. प्रवासात, शिकारीवर आणि मोहिमेवर ती मोठ्या अधिकाऱ्यासाठी नेली जाई. चिनी भाषेत आजही प्रमुखपद मिळवण्याला ‘पहिल्या घडीच्या खुर्चीवर बसणे’ म्हणतात. सतत उघडझाप होत असल्याने अशा खुर्च्या मोडत. म्हणूनच शिल्लक राहिलेल्या फार थोड्या आहेत.

आधुनिक डिझाइनवरही या शैलीचा प्रभाव आहे. डेन्मार्कचे हान्स वेगनर यांनी १९४०च्या दशकात मिंग खुर्च्यांवरून प्रेरणा घेऊन स्वतःच्या गाजलेल्या खुर्च्या घडवल्या.

बाजार कधी आणि कसा वाढला?

जर्मन अभ्यासक गुस्ताव एके यांचे चिनी घरगुती फर्निचरवरील पुस्तक १९४४ मध्ये बीजिंगमध्ये प्रसिद्ध झाले. मात्र खरा पाया घातला वांग शिश्यांग (१९१४ ते २००९) यांनी. इतरांना जुनाट वाटणाऱ्या वस्तू त्यांनी जमवल्या, मोजल्या, त्यांच्या सांध्यांचा अभ्यास केला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांना मजुरीसाठी ग्रामीण भागात पाठवण्यात आले. १९८५ मध्ये त्यांचा ग्रंथ आला आणि संग्राहकांना वस्तू ओळखण्याची भाषा मिळाली. त्यांच्या संग्रहातील ७९ वस्तू आज शांघाय म्युझियममध्ये आहेत.

१९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्टीजने कॅलिफोर्नियातील एका चिनी फर्निचर संग्रहालयाचा संग्रह विकायला काढला. सर्व १०७ वस्तू विकल्या गेल्या आणि सुमारे १.१२ कोटी डॉलर आले. तोवर ग्राहक मुख्यतः पाश्चात्त्य होते. पुढे चीनमध्ये पैसा आला तसे चिनी खरेदीदार स्वतःचा वारसा परत विकत घेऊ लागले. २०१५ मध्ये रॉबर्ट एल्सवर्थ यांच्या संग्रहातील चार खुर्च्यांचा संच ८ ते १२ लाख डॉलरच्या अंदाजावरून ९६ लाख डॉलरच्या वर गेला.

मग ही चांगली गुंतवणूक आहे का?

मथळ्यात येतात ते सर्वात वरचे आकडे. जाहीर झालेल्या किमतीत लिलावगृहाचे शुल्कही धरलेले असते. ते खरेदीदाराकडून बोलीच्या साधारण पाव हिश्श्यापर्यंत घेतले जाते आणि विकणाऱ्याचे कमिशन वेगळे असते. म्हणजे आज घेतलेली वस्तू उद्या त्याच बोलीला विकली, तरी तोटाच. शिवाय ना व्याज ना लाभांश. वर विमा, वाहतूक आणि हवेतील आर्द्रता सांभाळण्याचा खर्च.

दुसरी गोष्ट नामांकित संग्रहाची. होतुंग किंवा एल्सवर्थ यांच्या नावामुळे वस्तूचा मालकी इतिहास पक्का होतो आणि भाव चढतो. तसा इतिहास नसलेल्या, दिसायला तशाच खुर्चीला त्याच्या अंशानेही पैसे मिळत नाहीत.

फसवणूक कशी होते?

जुन्या मोडक्या वस्तूंचे लाकूड काढून ‘नवे प्राचीन’ टेबल घडवणे, दोन वेगळ्या वस्तूंचे भाग जोडणे, व्हिएतनामचे लाकूड हैनानचे म्हणून खपवणे, हे नेहमीचे प्रकार. जाणकार आधी वस्तू उलटी करून पाहतात. ओल्या जमिनीमुळे पायांची टोके कुजून कापली गेली आहेत का, वेताची बैठक बदलली आहे का, झीज जिथे हात-पाय लागतात तिथेच आहे का, हे तपासतात. दुरुस्ती असणे गैर नाही; ती लपवणे गैर आहे.

भारताचा यात काय संबंध?

‘झितान’ म्हणून ओळखले जाणारे लाकूड सामान्यतः रक्तचंदन मानले जाते आणि रक्तचंदनाचे झाड नैसर्गिकरीत्या पूर्व घाटाच्या दक्षिण भागातच, मुख्यतः आंध्र प्रदेशात, वाढते. शाही थाटाच्या नव्या फर्निचरसाठी चीनमध्ये असलेली मागणी हे त्याच्या तस्करीचे मोठे कारण आहे. न्हावाशेवा बंदरातही रक्तचंदनाचे साठे अनेकदा पकडले गेले आहेत. एप्रिल २०१५ मध्ये शेषाचलमच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात २० जण मारले गेले. त्यात बहुतेक तमिळनाडूतील मजूर होते. पोलिसांनी त्यांना तस्कर म्हटले, तर मानवी हक्क संघटनांनी चकमकीवर प्रश्न उभे केले.

रक्तचंदनाचा आणि २०१७ पासून संपूर्ण शिसव कुळाचा समावेश ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यामुळे जुनी खुर्ची सीमेपार नेतानाही ती नियमांपूर्वीची असल्याची कागदपत्रे लागतात.

कायदा काय सांगतो?

चीनने १९११ पर्यंतच्या सांस्कृतिक वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली आहे. म्हणून वस्तू चीनबाहेर कधी आली याचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. भारतात १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. त्यामुळे परदेशातून अशी वस्तू घरी आणण्याआधी ती पुन्हा बाहेर विकता येईल का, हे वकिलाकडून तपासून घेणे आवश्यक आहे. किंमत, लाकूड आणि वय यांइतकाच हा प्रश्न गुंतवणुकीच्या हिशेबात धरावा लागतो.